संग्रह पिसा आणि जे गाणे वर येईल त्याविषयी लिहा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

माझ्या संगणकावर सध्या जवळपास ४,००० गाणी आहेत आणि खरे सांगायचे तर त्यांपैकी तीनशे-साडेतीनशेच मी फिरून फिरून ऐकत असतो. उरलेली कधी घेतली, कोणाकडून घेतली आणि का ठेवली, यांतले बरेचसे आता आठवत नाही. आवडत्या गाण्यांचा विषय निघाला की आपण सगळेच ठेवणीतली गाणी बाहेर काढतो. त्यांतून आपली निवड दिसते, पण संग्रह दिसत नाही. कारण संग्रहात चुकून आलेली, मित्राने आग्रहाने दिलेली, एकाच ओळीसाठी किंवा सारंगीच्या एका तुकड्यासाठी राखलेली आणि पुसून टाकायची राहून गेलेली गाणीसुद्धा असतात. ती गाणी आपल्याविषयी जे सांगतात ते ठेवणीतली गाणी सांगत नाहीत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे आणि ते पडताळून पाहण्यासाठी हा धागा काढला आहे.

पद्धत सोपी आहे. संपूर्ण संग्रह पत्ते पिसावेत तसा पिसावा, म्हणजे शफलवर टाकावा, आणि पहिली पाच गाणी क्रम न बदलता व एकही न गाळता इथे लिहावीत. गाण्याचे नाव दिलेच पाहिजे असे नाही. नाव वाचले की ते थोर की सुमार यावर वाद सुरू होतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. त्यापेक्षा ते गाणे आपल्याकडे कसे आले आणि आज पुन्हा ऐकताना काय जाणवले, हे लिहावे. फाइल मात्र कोणी चढवू नये, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे आणि शब्दांचा किंवा चालीचा हक्क दुसऱ्याकडे असू शकतो आणि ती गुंतागुंत आपल्याला इथे नको आहे.

माझी आजची पाच अशी. पहिले एक भावगीत आहे, जे मी शाळेत असताना रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतले होते. निवेदिका बोलत असेपर्यंत रेकॉर्डचे बटण दाबायचे नाही आणि ती थांबताक्षणी दाबायचे, असा तो खेळ असे. त्या दिवशी बोट उशिरा पडले आणि ध्रुवपदाचे पहिले दोन शब्द कायमचे गेले. पुढे त्याच गाण्याची सीडी घेतली, तीत गाणे अख्खे आहे. तरीही माझ्या कानाला ते तिसऱ्या शब्दापासूनच सुरू होते आणि सीडीतले पहिले दोन शब्द कोणीतरी मागाहून जोडल्यासारखे वाटतात. दोन्ही प्रती मी ठेवल्या आहेत.

दुसरे एक जुने नाट्यपद आहे. गायकाचे नाव फाइलवर नाही आणि आवाजावरून मला ओळखता आले नाही. तिसरे आणि चौथे लागोपाठ एकाच गायिकेचे आले. पाचवे मला मुळीच न आवडणारे गाणे निघाले, पण नियम मीच केलेला असल्यामुळे ते शेवटपर्यंत ऐकावे लागले. दुसऱ्या अंतऱ्यानंतर त्यात बासरीचा जेमतेम आठ मात्रांचा एक तुकडा आहे. इतक्या वर्षांत तो मी ऐकलाच नव्हता, कारण तिथवर कधी पोहोचलोच नव्हतो.

एक तक्रार मात्र नोंदवतो. चार हजार गाण्यांतून एकाच गायिकेची दोन गाणी लागोपाठ यावीत, याला पिसणे म्हणत नाहीत.

आकडेमोड

तक्रार स्वाभाविक आहे, पण दोष यंत्राचा नाही. समजा, आपली ४,००० गाणी २० गायकांमध्ये सारखी वाटलेली आहेत, म्हणजे प्रत्येकाची २०० आहेत. एक गाणे संपल्यावर उरलेल्या ३,९९९ गाण्यांपैकी १९९ त्याच गायकाची असतात, म्हणजे पुढचे गाणेही त्याचेच येण्याची शक्यता सुमारे २० त १ इतकी आहे. या हिशेबाने ६० गाणी ऐकली तर अशा जोड्या सरासरी तीन वेळा पडणार. प्रत्यक्षात कोणाच्याही संग्रहात वाटणी इतकी सारखी नसते. दोन-तीन लाडक्या गायकांचीच गाणी ढिगाने असतात, त्यामुळे जोड्या याहून जास्त पडतात. साठ गाण्यांत एकही जोडी पडली नाही तर मला पिसणाऱ्याचा संशय येईल.

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दर वेळी डब्यातून चिठ्ठी काढायची, गाणे वाजवायचे आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची, ही एक रीत झाली. तिच्यात ४,००० गाण्यांच्या संग्रहातही साधारण ७५ गाण्यांतच एखादे गाणे दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याचे जे प्रसिद्ध कोडे आहे, त्यातलाच हा प्रकार. पिसण्याची रीत वेगळी आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीने करण्याजोगी मांडली आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये तिला संगणकासाठी सुटसुटीत रूप दिले. यादीतल्या शेवटच्या जागेसाठी सगळ्या गाण्यांतून एक चिठ्ठीने निवडायचे आणि त्याची व शेवटच्या गाण्याची अदलाबदल करायची. मग शेवटून दुसऱ्या जागेसाठी उरलेल्यांतून निवडायचे, आणि असे करत वरपर्यंत यायचे. एवढ्या साध्या कृतीने प्रत्येक क्रमाला सारखीच संधी मिळते आणि सगळी गाणी संपेपर्यंत एकही गाणे दुसऱ्यांदा येत नाही.

गंमत अशी की श्रोत्यांना हे खरे पिसणे रुचत नाही. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये ‘स्मार्ट शफल’ नावाची सोय दिली, तीत एकाच गायकाची गाणी लागोपाठ येण्याचे प्रमाण श्रोत्याला कमी-जास्त करता येत होते. स्पॉटिफायनेही २०१४ मध्ये आपली पद्धत बदलली आणि एकाच गायकाची गाणी यादीभर पसरून येतील अशी व्यवस्था केली. म्हणजे क्रम अधिक यादृच्छिक वाटावा म्हणून त्याची यादृच्छिकता कमी करण्यात आली. तेव्हा प्रत्येकाने आपल्या प्लेअरचा शफल कोणत्या जातीचा आहे तेही लिहावे, नाहीतर इथे येणाऱ्या याद्यांवरून काही अनुमान काढणे कठीण होईल.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. केवळ १३ गाण्यांचे ६२२ कोटींहून अधिक वेगवेगळे क्रम होतात, तर ३२ बिटांच्या बीजापासून, म्हणजे चिठ्ठ्या काढण्याचा हिशेब ज्या आकड्यापासून सुरू होतो त्यापासून, सुरुवात करणाऱ्या यंत्राला जास्तीत जास्त ४२९ कोटी क्रम देता येतात. चार हजार गाण्यांच्या क्रमांची संख्या लिहायची तर १२,६७४ अंक लागतात. आपण आज ऐकलेला क्रम आपल्या आयुष्यात पुन्हा येणार नाही.

माझी पाच गाणी थोडक्यात देतो, कारण त्यांत विशेष काही नाही, किंवा कदाचित तेच विशेष असेल. पाचपैकी तीन गाणी एका स्नेह्याच्या हार्ड डिस्कवरून मी घाऊक उतरवून घेतलेल्या फोल्डरमधली निघाली. फोल्डर उघडून पाहिले तर त्यात ९०० गाणी आहेत आणि माझा सारा संग्रह २,७०० चा आहे. माझ्या संग्रहाचा तिसरा हिस्सा दुसऱ्या माणसाच्या आवडीचा आहे, हे मला आज कळले.

रीळ आणि फीत

माझा शफल साध्या जातीचा आहे. पहिल्या पाचांत एक शास्त्रीय बंदिश, एक लावणी, एक भजन आणि दोन चित्रपटगीते आली आणि प्लेअरने पाचही गाण्यांचा प्रकार ‘ब्लूज’ असा दाखवला. वर्षानुवर्षे हे पाहून मला वाटत असे की माझ्या यंत्राला करुणरसाची विशेष जाण आहे. कारण शोधले तेव्हा समजले की एमपी३ फाइलवर माहिती लिहिण्याची आयडी३ ही पद्धत १९९६ मध्ये आली, तेव्हा गाण्याच्या प्रकारासाठी एकच बाइट ठेवलेला होता आणि त्यात नावाऐवजी यादीतला क्रमांक लिहिला जाई. त्या यादीत ० हा क्रमांक ब्लूजचा आहे. ज्याने फाइल बनवली त्याने प्रकार निवडला नाही आणि रकान्यात शून्य पडले, की अभंगाचाही ब्लूज होतो. यादीत ८० प्रकार होते आणि त्यांत नाट्यगीत, भावगीत, ठुमरी यांना अर्थातच जागा नव्हती.

त्याच पद्धतीत माहितीसाठी फाइलच्या शेवटी १२८ बाइट असत आणि त्यांपैकी शीर्षक, कलावंत व अल्बम यांच्या वाट्याला प्रत्येकी ३० येत. रोमन लिपीत तीस अक्षरे पुरतात. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी धरून अवघी दहा चिन्हे. मुळात या पद्धतीत देवनागरी अपेक्षितच नव्हती, त्यामुळे कोणी हौसेने मराठी नाव लिहिलेच तर ते अर्धे तुटे किंवा त्याची प्रश्नचिन्हे होत. माझ्या संग्रहात केवळ नऊ प्रश्नचिन्हे असे नाव असलेली एकतीस गाणी आहेत. मला ती ऐकूनच ओळखावी लागतात आणि आता त्यांना खरी नावे द्यायला हात धजावत नाही. नवीन फाइलींना ही अडचण नाही, हे सांगायला हवे; आयडी३च्या पुढच्या आवृत्त्यांत लांबीची मर्यादा गेली आणि २००० साली आलेल्या २.४ या आवृत्तीने यूटीएफ-८ ही स्वीकारले.

मंद्रसप्तक, आपल्या त्या नाट्यपदाच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलवर लिहिलेल्या या माहितीत, टिपणीचा रकाना असेल तर तो उघडून पाहा. कधीकधी उतरवून घेणारा माणूस तिथे काहीतरी लिहून ठेवतो.

कानसेन

माझ्याकडे फक्त ६४ गाणी आहेत. पिसली, पाच आली, पाचही आवडती निघाली. मला या धाग्यात भाग घेता येईल का?

मंद्रसप्तक

कानसेन, आपण तर अवश्य लिहावे. चौसष्टच का ठेवली आणि उरलेली कशी टाकून देऊ शकलात, हे मला आमच्या हजारांच्या ढिगांपेक्षा अधिक कुतूहलाचे वाटते.

आकडेमोड, आपला हिशेब पटला आणि तक्रार मागे घेतो. माझ्या प्लेअरचा शफलही साध्याच जातीचा आहे. रीळ आणि फीत, टिपणीचा रकाना उघडला. तिथे ‘बाजू २’ एवढेच लिहिलेले आहे.

जुनी तबकडी

‘बाजू २’ हा पुरेसा धागादोरा आहे. आपले नाट्यपद तीन-सव्वातीन मिनिटांचे असेल तर ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेले असणार, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावत असे. तासभर आळवायचा राग आणि रंगमंचावर वन्समोअर घेत लांबणारे पद त्या तीन मिनिटांत बसवताना गवयांनी काय ठेवले आणि काय सोडले, यावर स्वतंत्र लिहिण्यासारखे आहे. माझ्या आजच्या पाचांत तिसरे आले ते अब्दुल करीम खाँ यांचे ‘पिया बिन नाही आवत चैन’, झिंझोटी रागातली ठुमरी. गेली कित्येक वर्षे मी ती आदराने बाजूला ठेवली होती, म्हणजे ऐकत नव्हतो. आज तिच्या आधी एक अतिशय गोंगाटाचे गाणे वाजले आणि ते थांबल्यावर तो बारीक, सुरेल आवाज खरखरीतून वर आला, तेव्हा वाटले की मी आपणहून लावले असते तर ती इतकी ताजी वाटली नसती. लावताना आपण ऐकण्याची तयारी करतो आणि आदर मध्ये येऊन बसतो.

टॅगची चर्चा चालू आहे म्हणून एक आठवण देतो. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच गौहर जान यांनी इंग्रजीत आपले नाव सांगितले. ध्वनिमुद्रणे छपाईसाठी जर्मनीत जात. तिथल्या कारागिरांना आवाजावरून गायक ओळखणे शक्य नव्हते, तेव्हा त्या उच्चारलेल्या नावाचा तबकडीवर बरोबर नाव घालण्यासाठी उपयोग होई. त्या काळातल्या इतरही अनेक तबकड्यांवर शेवटी गायक-गायिकांनी स्वतःचे नाव सांगितलेले ऐकू येते. तीस बाइटांत तुटणार नाही असा टॅग त्यांना तेव्हाच सुचला होता. आपले नाट्यपद त्या सुमाराचे असेल तर शेवट नीट ऐका. पुष्कळ जण गाणे संपले असे समजून तिथेच पुढे जातात.

पूर्वांग

मला या साऱ्या उद्योगाबद्दलच शंका आहे आणि ती स्पष्ट लिहितो. माझ्या संग्रहात निम्म्याहून अधिक शास्त्रीय संगीत आहे. काल रात्री अकरा वाजता आपल्या नियमाप्रमाणे पिसले, तर पहिला आला ललत, दुसरी भैरवी, तिसरे चित्रपटगीत आणि चौथा वृंदावनी सारंग. पहाटेचा राग रात्री, दुपारचा मध्यरात्रीच्या तोंडावर, आणि जिच्यानंतर मैफलीत सहसा दुसरे काही गायले जात नाही ती भैरवी दुसऱ्या क्रमांकावर. रागांच्या वेळा कोणी मानो न मानो, पण क्रम हा संगीताचाच भाग आहे, एवढे तरी मान्य व्हावे. विलंबित ख्यालाच्या पाठोपाठ द्रुत येते ते आधीच्या संथपणाच्या आधारावर उभे असते. माझ्याकडे एका मैफलीचे मुद्रण आहे, त्यात विलंबित आणि द्रुत यांच्या वेगळ्या फाइली झालेल्या आहेत. शफलमध्ये कधी नुसती द्रुत येते आणि ती मला उंबरठ्यावाचून दार उघडल्यासारखी वाटते.

हीच गोष्ट बेतून केलेल्या मालिकांची आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक गीत असे प्रसारित झाले. त्यातली ५६ गीते एका कथेच्या क्रमाने आली आणि श्रोते पुढच्या आठवड्याची वाट पाहत. त्यातले गीत सुटे ऐकायला माझी हरकत नाही, पण वनवासानंतर जन्म आणि त्यानंतर सेतुबंधन असे ऐकण्याला मी ऐकणे म्हणणार नाही. हे केवळ जुन्या माणसाचे कुरकुरणे आहे असेही समजू नये. २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे मुख्य बटण शफलऐवजी सरळ क्रमाने वाजवणारे केले. गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, हेच तिचे म्हणणे होते.

मंद्रसप्तक

पूर्वांग, आपल्या आक्षेपाचा मोठा भाग मी मान्य करतो. नियमात दुरुस्ती: ज्या फाइली मुळात एकाच रचनेचे तुकडे आहेत, त्या पिसण्यातून वगळाव्यात किंवा जोडून एक कराव्यात. काही प्लेअरमध्ये एखादी फाइल शफलमधून वगळण्याची खूण असते. गीतरामायणासारखी मालिकाही ज्यांना वगळायची त्यांनी वगळावी.

रात्री आलेल्या ललताबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. तो पहाटे ऐकावा हे खरे, पण पहाटे उठून ललत लावणारे आपल्यांत किती आहेत? माझ्या संग्रहातले सकाळचे राग योग्य वेळेची वाट पाहत वर्षानुवर्षे न ऐकता पडून आहेत. अवेळी का होईना, ते आवर्तनात येतात हा मला लाभच वाटतो. आपण चौथ्या गाण्यावर थांबलात, पाचवे लिहिलेले नाही.

पूर्वांग

पाचवे लिहायचे टाळले होते, पण विचारलेत म्हणून लिहितो. ते गाणे नव्हते. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना एका कॅसेटची मागची बाजू तशीच उतरली होती. सुरुवातीला वडील टेपरेकॉर्डर तपासत ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणतात, आई मागून विचारते की आता बोलले तर त्यात येईल का, आणि मग वीस-बावीस मिनिटे नुसती फीत फिरल्याचा आवाज आहे. फाइलचे नाव ‘ट्रॅक ०७’. ती आपल्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हते. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. भैरवीनंतर काही ऐकू नये असे मीच वर लिहिले आहे, म्हणून हे सांगताना संकोच वाटला. मी बावीस मिनिटे फीत ऐकत बसलो.

रीळ आणि फीत

पूर्वांग, त्या फाइलला नाव देऊ नका असे सांगणार होतो, पण उलटे सांगतो: नाव द्या आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट असेल तर तीही टाकू नका. अशी मुद्रणे दुसऱ्या कोणाच्याही संग्रहात नसतात.

कानसेन

मंद्रसप्तक यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मी टाकून दिली नाहीत. संग्रह ज्या डिस्कवर होता ती अचानक बंद पडली आणि दुसरी प्रत नव्हती. सुमारे ३,००० गाणी गेली. जुन्या फोनमध्ये प्रवासासाठी भरून ठेवलेली ६४ तेवढी वाचली. गेलेल्यांपैकी मला हवी असलेली गाणी पुन्हा मिळवायची ठरवले तेव्हा आवडती सगळी आठवड्याभरात मिळाली असती, कारण ती कुठेही मिळतात. खरी हळहळ वाटते ती नेमकी या धाग्यात आपण लिहीत आहात त्या गाण्यांची, जी मला आवडत होती की नाही हेही आठवत नाही. त्यांची यादीच नसल्यामुळे ती शोधताही येत नाहीत. म्हणून मी पुन्हा भरायलाच घेतले नाही.

एक व्यावहारिक सूचना. वेगवेगळ्या काळातली मुद्रणे पिसली की आवाजाची पातळी फार खालीवर होते. जुन्या तबकडीसाठी आवाज वाढवावा तो पुढचे नवे गाणे अंगावर येते. रिप्लेगेन नावाची पद्धत २००१ पासून आहे, तिच्यात प्रत्येक गाण्याची पातळी मोजून टॅगमध्ये लिहिली जाते आणि वाजवताना तेवढे कमी-जास्त केले जाते. मूळ ध्वनीला हात लागत नाही.

आकडेमोड

कानसेन यांची सूचना वापरून पुन्हा पिसले. या वेळी स्नेह्याच्या फोल्डरमधले एकच आले. त्याला फोन करून विचारले की हे गाणे तू का ठेवले होतेस. त्याने सांगितले की ते त्याच्या हार्ड डिस्कवर त्याच्या भावाकडून आले होते.

मंद्रसप्तक

दुसऱ्या फेरीची पाच उद्या लिहीन, कारण आजची संध्याकाळ त्या नाट्यपदातच गेली. जुनी तबकडी यांनी सुचवल्याप्रमाणे शेवट ऐकला. लांबी तीन मिनिटे नऊ सेकंद आहे. गाणे दोन मिनिटे अठ्ठावन्न सेकंदांना संपते आणि माझा प्लेअर गाण्याच्या शेवटी आवाज विरवत नेत असल्यामुळे पुढचे इतके दिवस ऐकूच आले नव्हते. ती सोय बंद केली तेव्हा खरखरीमागे एक पुरुषाचा आवाज मिळाला. ‘मास्टर’ एवढे स्वच्छ ऐकू येते. पुढे तीन किंवा चार अक्षरे आहेत, ती सुई उचलल्याच्या आवाजात बुडाली आहेत. गती कमी करून, एका कानाने, दोन्ही कानांनी असे वीसेक वेळा ऐकले. शेवटचे अक्षर ‘व’ आहे की ‘य’, यावर घरात दोन मते आहेत.